'गर्ल', 'हन', 'बेस्टी': इंग्रजीत मैत्रिणीला हाक कशी मारतात

स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून दोन बायका उभ्या आहेत. दोघी पस्तिशीच्या. नवऱ्याला तिसऱ्यांदा माफ केल्याचं एकीने नुकतंच सांगितलंय. दुसरी हातातला कप खाली ठेवते, तिच्याकडे रोखून बघते आणि एकच शब्द बोलते: 'गर्ल.'

मी मालिकांची मराठी सबटायटलं लिहिते. एका ओळीला साधारण 42 अक्षरं मिळतात, त्यामुळे एरवी सगळी धडपड काटछाट करण्याची असते. इथे अख्खी ओळ मोकळी होती आणि लिहायला शब्द सापडत नव्हता. 'मुली' लिहिलं आणि खोडलं. 'मुली' अशी हाक आजी नातीला मारेल, बरोबरीची मैत्रीण नाही मारणार. 'मैत्रिणी' लिहिलं, तर ते जुन्या संगीत नाटकातलं वाटायला लागलं. 'बाई' लिहिलं, तर शाळेतल्या बाई डोळ्यांपुढे आल्या. मग ते दृश्य डोळे मिटून फक्त ऐकलं. त्या एका शब्दात काळजी होती, वैताग होता, 'मला तुझं सगळं माहीत आहे' हेही होतं. मराठीत हे सगळं ज्या आवाजात येतं तो आवाज कानात आला आणि मी लिहिलं: 'अगं...'

तेव्हापासून मैत्रिणींसाठीच्या या इंग्रजी शब्दांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. गर्ल, गर्लफ्रेंड, बेस्टी, बीएफएफ, गॅल पॅल, हन, बेब, सिस, आणि हो, 'बिच'सुद्धा. हे शब्द आपल्या मुलींच्या मोबाइलवर रोज येतात, लंडन-न्यू जर्सीला गेलेल्या भाचीपुतणीच्या बोलण्यात येतात. शब्दकोश उघडला तर बहुतेकांपुढे एकच अर्थ दिसतो: मैत्रीण. पण एकाच्या जागी दुसरा वापरून बघा, समोरचीचा चेहरा बदलतो.

इतके शब्द इंग्रजीला लागतात तरी कशाला? माझ्या मते याचं उत्तर त्या 'अगं'मध्ये आहे. मराठीत जवळीक दाखवायला नाम लागतच नाही. 'ये ना' आणि 'ये ना गं' यांत फरक फक्त एका अक्षराचा, पण दुसऱ्या वाक्यात दोघी बायका आहेत किंवा निदान ऐकणारी बाई आहे, दोघींत अंतर नाही, आणि बोलणारीच्या आवाजात थोडी लाडीगोडी आहे, हे सगळं कळतं. कोकणात हाच 'गं' 'गो' होतो, वऱ्हाडात 'वं' होतो. शिवाय आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' आहेत. कॉलेजातल्या दोन नव्या मुली एकमेकींना 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आल्या ते त्यांना नेमकं आठवतं.

इंग्रजीत यातलं काहीही उरलेलं नाही. एके काळी होतं. शेक्सपिअरच्या काळात एकेरी 'दाऊ' आणि आदरार्थी 'यू' असे दोन शब्द होते. सतराव्या शतकात 'दाऊ' प्रमाण बोलीतून ओसरत गेला. यॉर्कशायरसारख्या भागातल्या बोलींत तो नंतरही टिकला, पण बाकी सगळ्यांसाठी बँकेचा मॅनेजर, सासू, कुत्रा आणि जिवाभावाची मैत्रीण सगळेच 'यू' झाले. मग जवळीक दाखवायची कशी? वाक्याच्या शेवटी एखादं नाम चिकटवून. 'कम ऑन, गर्ल.' 'यू ओके, हन?' 'लव्ह यू, बेब.' आपला 'गं' जे काम करतो, ते तिकडे ही नामं करतात.

नामांची एक अडचण मात्र असते. 'गं' झिजत नाही, कारण त्याला स्वतःचा असा अर्थच नाही. नामाला अर्थ असतो, त्यामुळे ते दुसऱ्याच्या हाती लागतं: दुकानदाराच्या, वर्तमानपत्राच्या, टोमणे मारणाऱ्याच्या. मग मैत्रिणींना नवं नाम शोधावं लागतं.

याचं सगळ्यात जुनं आणि मला सगळ्यात जास्त लागलेलं उदाहरण म्हणजे 'गॉसिप'. आज गॉसिप म्हणजे कुचाळक्या. पण मुळात हा शब्द माणसासाठी होता. जुन्या इंग्रजीत 'गॉडसिब' म्हणजे बाळाच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार राहणारी व्यक्ती. 'सिब' म्हणजे नातलग, तोच 'सिब्लिंग'मधला. देवाच्या साक्षीने जोडलेलं नातं असा त्याचा भाव. हळूहळू तो शब्द जवळच्या मैत्रिणींसाठी, आणि विशेषतः बाळंतपणाच्या वेळी जमणाऱ्या बायकांसाठी वापरला जाऊ लागला. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बाई अडली की शेजारणी, बहिणी, मैत्रिणी जमायच्या. खोलीची दारंखिडक्या बंद, मेणबत्त्या लावलेल्या, बाळंतिणीला मसाले घातलेलं गरम पेय करून द्यायचं. पुरुषांना आत प्रवेश नाही. त्या खोलीतल्या बायका म्हणजे तिच्या 'गॉसिप्स'. ज्या बाईचा हात धरून तुम्ही कळा सोसल्या तिचं ते नाव होतं.

आणि बंद दाराआड बायका जमल्या की त्या काय बोलत असतील, याची बाहेरच्यांना धास्ती. सतराव्या शतकात 'गॉसिप' हे क्रियापद म्हणून फुकटच्या गप्पा मारणं अशा अर्थाने वापरात आलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्या गप्पांनाच 'गॉसिप' म्हणायला लागले. मैत्रीण गेली, चहाटळपणा उरला.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांमध्ये 'सई' येते, 'शेजी' येते, 'गडणी' येतात. शेजी म्हणजे शेजारीण, पण नुसती भिंतीला भिंत असलेली नाही. जिच्यापाशी जिवाचं गूज बोलता येतं ती. 'गूज' या शब्दाला मराठीत आजही डाग लागलेला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. बायकांच्या आपसातल्या बोलण्याला दोन भाषांनी दिलेली ही दोन नावं शेजारी ठेवून बघितली की शब्दांचं नशीबही माणसांसारखंच असतं असं वाटतं.

आता 'गर्लफ्रेंड'. आपल्याकडे हा शब्द आला तोच प्रेयसी या अर्थाने, त्यामुळे अमेरिकेतली साठीची बाई 'मी माझ्या गर्लफ्रेंड्सबरोबर जेवायला चालले आहे' म्हणाली की ऐकणारा मराठी माणूस क्षणभर थबकतो. खरं तर तिचाच अर्थ आधीचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा शब्द एका बाईची मैत्रीण अशाच अर्थाने छापलेला सापडतो. पुरुषाची प्रेयसी हा अर्थ त्या शतकाच्या अखेरीस आला आणि विसाव्या शतकात पक्का झाला. आज दोन्ही अर्थ नांदतात, आणि कोणता घ्यायचा हे तीन गोष्टींवर ठरतं. बोलणारा पुरुष असेल तर प्रेयसी. बोलणारी बाई असेल आणि अनेकवचन असेल, तर मैत्रिणी. बोलणारी बाई असेल आणि 'माय गर्लफ्रेंड' असं एकवचन असेल, तर तिचं वय आणि गाव बघावं लागतं: वयस्क अमेरिकन बाई बहुधा मैत्रिणीबद्दल बोलत असते, पंचविशीतली मुलगी बहुधा जोडीदाराबद्दल. ब्रिटनमध्ये मैत्रिणीला गर्लफ्रेंड म्हणण्याची पद्धत त्या मानाने कमी. तिथे बायकासुद्धा सरळ 'फ्रेंड' किंवा 'मेट' म्हणतात.

यात परकं असं काही नाही. मराठीत एखादी बाई 'ही माझी मैत्रीण' म्हणाली तर कुणी मान वर करत नाही. तेच वाक्य एखादा तरुण घरात, आईसमोर, जरा थांबून म्हणाला की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबतात.

या दुहेरी अर्थाचा सगळ्यात मोठा घोळ 'गॅल पॅल'ने घातला. 'गॅल' म्हणजे गर्लचाच लंडनी उच्चार. 'पॅल'ची कहाणी मात्र आपल्या दाराशी येते. हा शब्द इंग्रजीने सतराव्या शतकात रोमानी भाषेतून घेतला. रोमानी बोलणारे लोक मूळचे भारतातून पश्चिमेकडे गेलेले. त्यांच्या भाषेत 'फ्राल', 'प्राल' म्हणजे भाऊ, आणि त्याचं मूळ संस्कृत 'भ्रातृ'पर्यंत नेतात. आपला 'भाऊ'सुद्धा त्याच 'भ्रातृ'मधून आला. म्हणजे इंग्रज बाई आपल्या मैत्रिणीला 'पॅल' म्हणते तेव्हा, शब्दाच्या कुळाने बघितलं तर, ती तिला भाऊच म्हणत असते.

'गॅल पॅल' ही हाक नाही, हे आधी सांगायला हवं. कुणी मैत्रिणीला 'ए गॅल पॅल' म्हणून बोलावत नाही. हा वर्तमानपत्री शब्द, मथळ्यात बसणारा. आणि ब्रिटिश-अमेरिकन चटपटीत वृत्तपत्रांनी तो वर्षानुवर्षं एका खास कामासाठी वापरला: दोन प्रसिद्ध बायका हातात हात घालून फिरताना दिसल्या, एकत्र राहताना दिसल्या, त्या जोडीदार आहेत हे स्पष्ट दिसत असलं तरी छापायचं 'गॅल पॅल'. आज समलिंगी बायका हा शब्द आपसात हसत वापरतात, पण बाहेरच्याने वापरला की तो अजून टोचतो, कारण त्यात 'आम्हाला दिसतंय पण आम्ही मानणार नाही' असा सूर आहे.

या न मानण्याला जुना इतिहास आहे. एलिनर बटलर आणि सारा पॉन्सनबी या दोन आयरिश बायका 1778 साली घर सोडून निघाल्या आणि वेल्समधल्या लँगोलन गावी जवळजवळ 50 वर्षं एकत्र राहिल्या. बटलर 1829 साली वारली, पॉन्सनबी 1831 साली. त्यांच्या घरी वर्ड्सवर्थसारखे कवी येऊन गेले. लोक त्यांना 'लँगोलनच्या बायका' म्हणत आणि त्यांच्या नात्याला 'रोमँटिक फ्रेंडशिप'. पुढे अमेरिकेत, लग्न न करता एकत्र राहणाऱ्या शिकलेल्या, कमावत्या बायकांच्या घराला 'बॉस्टन मॅरेज' म्हणायला लागले. त्यातल्या काही मैत्रिणी होत्या, काही जोडीदार होत्या, आणि कित्येकींना हा भेद आपण करतो तसा करायचाच नसावा. त्या काळची भाषा त्यांना तेवढी मोकळीक तरी देत होती. 'गॅल पॅल'ने ती मोकळीक नाही दिली, नुसतं झाकण घातलं.

परत 'गर्ल'कडे येते, कारण या सगळ्या शब्दांत तो मला सगळ्यात थोर वाटतो. मध्ययुगीन इंग्रजीत 'गर्ल' म्हणजे लहान मूल, मुलगा असो की मुलगी. पुढे तो फक्त मुलींसाठी राहिला. अमेरिकेत गुलामगिरीच्या आणि नंतरच्या वंशभेदाच्या काळात गोरी माणसं काळ्या पुरुषाला, त्याचं वय काहीही असो, 'बॉय' म्हणत आणि काळ्या बाईला 'गर्ल'. साठ वर्षांची बाई, तिची नातवंडं अंगणात खेळत आहेत, आणि विशीतली गोरी मालकीण तिला 'गर्ल' म्हणून हाक मारते. त्या हाकेचा उद्देशच तिला कधी मोठं होऊ न देण्याचा.

त्याच काळ्या बायकांनी तो शब्द आपल्या ओसरीवर, केस विंचरायला बसलेल्या असताना, चर्चच्या स्वयंपाकघरात एकमेकींसाठी वापरला आणि त्याचा पोत बदलला. 'गर्ल' आता बरोबरीचा शब्द झाला. त्याची सगळी करामत सुरात आहे. लांबवलेला 'गऽर्ल' म्हणजे 'अगं, तुला काय सांगू!' तुटक 'गर्ल' म्हणजे 'पुरे झालं'. खालच्या पट्टीतला, मान हलवत म्हटलेला म्हणजे 'कळलं मला, बोलू नकोस'. वर चढत जाणारा म्हणजे 'खरंच?' आपला 'अगं' असाच चार-पाच सुरांत चालतो. तुमच्या आईचा फोनवरचा आवाज आठवून बघा, पलीकडे मावशी असताना.

काळ्या बायकांकडून हा शब्द, आणि त्याच्यासोबत 'गर्लफ्रेंड' ही हाक, न्यूयॉर्कमधल्या काळ्या आणि लॅटिनो समलिंगी पुरुषांच्या मेळ्यांत गेला, तिथून टीव्ही मालिकांत, मग समाजमाध्यमांवर, आणि आता तो जगभरच्या मुलींच्या तोंडी आहे. काळ्या अमेरिकन बायकांना यात एक सल आहे: आमचं बोलणं आमच्या तोंडून अडाणी ठरतं, नोकरीच्या मुलाखतीत आडवं येतं, आणि तेच दुसऱ्याच्या तोंडून फॅशनेबल. ज्यांना गावाकडची बोली शहरात आल्यावर गिळावी लागली, आणि मग तीच बोली रील्समध्ये 'क्यूट' म्हणून ऐकावी लागली, त्या मराठी मुलींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

'सिस'ही साधारण त्याच वाटेने आला. चर्चमध्ये सगळ्या बायका 'सिस्टर'. 1970 च्या आसपासच्या स्त्रीमुक्ती चळवळीतही सगळ्या 'सिस्टर्स'. मराठी माणसाने इथे एकच लक्षात ठेवावं: 'सिस' म्हणजे 'ताई' नव्हे. 'ताई' म्हटलं की वयाची पायरी ठरते, थोडा आदर येतो, कधी कधी तर 'ताई' म्हणून समोरचीला मुद्दाम म्हातारी करता येतं. 'सिस'ला वय नाही. तो खांद्याला खांदा लावून उभं राहण्याचा शब्द. मी सबटायटलमध्ये त्याला बहुतेक वेळा सोडूनच देते आणि क्रियापदाला 'गं' जोडते.

आता तो शब्द, ज्याच्याविषयी विचारायला मुली लाजतात. 'बिच' म्हणजे कुत्री. जुन्या इंग्रजीतला शब्द. बाईला शिवी म्हणून तो मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून वापरात आहे. आणि तरी दोन जिवलग मैत्रिणी एकमेकींना 'हाय, बिच!' म्हणून मिठी मारतात. हे कसं काय? हे समजायला मराठी बाईला फार लांब जायला नको. 'कुठे उलथली होतीस भवाने?' 'मेले, फोन का उचलत नाहीस?' 'सटवे, माझ्याआधी लग्न ठरवलंस!' ही वाक्यं कुणी परक्या बाईला बोलून बघावं. ज्या तोंडून शिवी आली तर भांडण होईल असं जगाला वाटतं, त्याच तोंडून ती आली आणि भांडण झालं नाही, हाच जवळिकीचा पुरावा. आपल्या शब्दांत तर आणखी गंमत आहे: भवानी ही देवी, आणि सटवी म्हणजे षष्ठी, बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री येऊन कपाळी नशीब लिहिणारी. आपल्या बायकांच्या लाडक्या शिव्यांमध्ये दोन देव्या बसल्या आहेत.

फरक एक आहे आणि तो मोठा आहे. 'भवाने' ही शिवी म्हणून आता बोथट झालेली आहे. 'बिच' अजून धारदार आहे. रस्त्यावर, ऑफिसात, मार खाताना बायका तो शब्द रोज ऐकतात. त्यामुळे काही इंग्रजीभाषक बायका तो मैत्रीतही चालवून घेत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्या मुलीची मातृभाषा इंग्रजी नाही तिने हा शब्द मैत्रिणीसाठी आपणहून कधीच वापरू नये असं मी स्पष्ट सांगते. सूर एका केसाने चुकला तरी तो शिवीच राहतो, आणि परक्या भाषेत सूर सांभाळणं शब्द पाठ करण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.

'हन' आणि 'बेब' हे ब्रिटनमध्ये फार कानावर येतात. 'हन' म्हणजे 'हनी'चं तुकडा पाडलेलं रूप. तिथल्या दुकानात, सलूनमध्ये, ऑफिसच्या संदेशांत अनोळखी बाईसुद्धा तुम्हाला 'थँक्स हन' म्हणेल. माझी एक मैत्रीण नोकरीसाठी उत्तर इंग्लंडला गेली, तेव्हा पहिल्या आठवड्यात तिने मला आनंदाने लिहिलं होतं की इथल्या बायका किती मायाळू आहेत, सगळ्या 'हन', 'लव्ह', 'पेट' म्हणतात. त्यातल्या एकीला तिने मनातलं बरंच काही सांगितलं, घरच्या आठवणी, नवऱ्याशी झालेलं भांडण. ती बाई ऐकून घेत होती, पण अवघडली. दोन दिवसांनी मैत्रिणीच्या लक्षात आलं की तो 'हन' मैत्रीचा नव्हता, सौजन्याचा होता. आपल्याकडे भाजीवाली 'घे गं माझे बाय' म्हणते तसा. भाजीवालीचा जिव्हाळा खोटा नसतो. पण तो गाडीपाशी सुरू होऊन गाडीपाशीच संपतो.

'हन'ला आणखी दोन डाग लागले. समाजमाध्यमांवर कुणी मोघम दुःखी पोस्ट टाकली की खाली 'यू ओके, हन?' असं लिहिणं ही इतकी रीत झाली की आता ते वाक्य चेष्टेने वापरतात. आणि घरबसल्या साखळी पद्धतीने सौंदर्यप्रसाधनं किंवा वजन घटवायच्या पावडरी विकणाऱ्या बायका शाळेतल्या विसरलेल्या मैत्रिणींना 'हे हन!' असा संदेश पाठवतात, त्यामुळे अशा विक्रेत्या बायकांनाच 'हन' म्हणायला लागले. असा संदेश तुम्हालाही आला असेल, मराठीत; 'हाय डिअर, कशी आहेस, किती दिवसांनी!' आणि तिसऱ्या ओळीत पावडर.

'बीएफएफ' म्हणजे 'बेस्ट फ्रेंड्स फॉरएव्हर'. हा शब्द शाळकरी वयाचा. त्याच्यासोबत एक वस्तू येते: दोन साखळ्या, प्रत्येकीत अर्धं हृदय, एकीवर 'बेस्ट', दुसरीवर 'फ्रेंड्स', जोडले की पूर्ण. 2010 साली 'न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी'ने त्याची नोंद घेतली, आणि शब्दकोशात गेला तोवर मोठ्या मुलींच्या तोंडून तो उतरायलाही लागला होता. आज चाळिशीतली बाई तो वापरते तेव्हा त्यात शाळेच्या आठवणींचा लाडिकपणा असतो.

त्याची जागा 'बेस्टी'ने घेतली. त्यात ब्रिटिश वळणाचं 'ई' आहे, 'हबी' (नवरा), 'टेली' (टीव्ही) या शब्दांसारखं, कुठल्याही गोष्टीला छोटी आणि घरगुती करणारं. पण झीज बघा कशी झाली. 'बेस्ट' एकच असते. 'बेस्टीज' सहज पाच-सहा झाल्या. मग व्हिडिओ करणाऱ्या मुली लाखो अनोळखी प्रेक्षकांना 'हाय बेस्टीज' म्हणायला लागल्या. आणि शेवटी वाद घालताना 'ओके बेस्टी' हा टोमणा झाला, आपल्या 'बरं बाई, तू म्हणशील तसं' सारखा. आपल्याकडच्या कॉलेजांत तर 'बेस्टी'ला आणखी वेगळं वळण लागलंय: मुलगा-मुलगी यांच्यातल्या, मैत्रीपेक्षा जरा जास्त पण प्रेम म्हणायचं नाही अशा नात्यासाठी तो सर्रास वापरतात. त्यामुळे पुण्यातल्या मुलीने लंडनच्या मैत्रिणीला 'तो माझा बेस्टी आहे' म्हटलं, तर तिला नुसता जवळचा मित्र कळेल. त्यातलं आपलं खट्याळ हसू तिकडे पोचणार नाही.

'गॅलेंटाइन्स डे'चंही तसंच. 13 फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइनच्या आदल्या दिवशी, मैत्रिणींनी एकत्र जेवायचं ही कल्पना 2010 साली एका अमेरिकन विनोदी मालिकेत आली. आता दुकानांत त्याची भेटकार्डं मिळतात.

बायकांचे शब्द असे झिजत असताना पुरुषांचे शब्द त्या उसने घेतात, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या मुली एकमेकींना 'ड्यूड' आणि 'ब्रो' म्हणतात. स्कॉट कीसलिंग या भाषाशास्त्रज्ञाने 2004 साली 'ड्यूड' या एका शब्दावर निबंध लिहिला; त्यात दिसतं की तो मुख्यतः तरुण मुलं मुलांसाठी वापरतात, पण मुली मुलींसाठीही वापरतात. कारण त्यात जवळीक आहे आणि लाडीगोडी नाही. कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात आणि मुंबई-पुण्याच्या मुली मैत्रिणीला बेधडक 'अरे यार' म्हणतात, त्यातला मोकळेपणा ज्यांनी ऐकलाय त्यांना 'ड्यूड' लगेच कळेल.

मग परदेशी गेलेल्या मुलीने करायचं काय? मी भाचीला सांगितलं ते असं. पहिले काही महिने नाव घेऊन हाक मार, नावात काही कमीपणा नाही. समोरची तुला कोणता शब्द वापरते ते ऐक, आणि तिने तो पुष्कळदा वापरला की मगच परत दे. वरिष्ठ बाईला यातला एकही शब्द नको. कुणी पुरुष ऑफिसातल्या बायकांना 'गर्ल्स' म्हणाला आणि तुला खटकलं, तर ते खटकणं बरोबर आहे, जरी त्याच बायका आपसात 'गर्ल्स नाइट' ठरवत असल्या तरी. आणि कुणी तुला 'हन' म्हटलं तर हसून उत्तर दे, पण मन उघडायची घाई करू नकोस.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मालिकेचं काम संपवत आणलं तेव्हा शेवटच्या भागात आणखी एक शब्द आला: 'माय पर्सन'. हा तसा नवा. 2005 साली एका अमेरिकन वैद्यकीय मालिकेत एक डॉक्टर बाई दवाखान्याच्या फॉर्मवर 'तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं' या रकान्यात मैत्रिणीचं नाव लिहिते. नवरा नाही, आई नाही. आणि मग तिला सांगते, तू माझी 'पर्सन' आहेस. तिथून तो जगभर पसरला. त्यात ना 'बेस्ट' आहे, ना 'फॉरएव्हर', ना 'गर्ल'. इंग्रजीला इतक्या शब्दांनंतर असं साधं नाम सापडलं याचं मला बरं वाटलं होतं.

माझ्या पडद्यावर मात्र आता तीच दोघी होत्या, ओट्याजवळच्या. पहिली रुग्णालयाच्या बाकावर बसलेली. नर्स विचारते, या तुमच्या कोण? ती मैत्रिणीकडे न बघता उत्तर देते. या ओळीला मला वेळ लागला नाही. 42 अक्षरांतली निम्मीसुद्धा लागली नाहीत.

'ही माझं माणूस आहे.'